नेरूळच्या लाल मुंग्यांचे काळवंडलेले कोष : एका सूक्ष्म परजीवीच्या ओळखीचे प्रकरण

नेरूळमधील एका गृहनिर्माण सोसायटीच्या हिरवळीतून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेत लाल मुंग्यांच्या एका वारुळाचा नमुना आला. त्यातील बहुतेक कोष, म्हणजे अळी आणि प्रौढ मुंगी यांच्यामधल्या अवस्थेतील मुंग्या, निरोगी, पांढरेशुभ्र होते. परंतु मूठभर कोषांच्या डोळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या झालेल्या होत्या आणि डोक्यावर व उदरावर काजळी धरल्यासारखे काळे डाग होते. नमुना आणणारी विद्यार्थिनी त्याच सोसायटीत राहते. मुंग्या डसतात म्हणून माळीकाकांनी हिरवळ कापणे थांबवले होते आणि समितीने वारुळांवर कीटकनाशक भुकटी टाकण्याचे ठरवले होते. त्याआधी एक वारूळ मातीसकट उचलू द्यावे, अशी विनंती तिने केली आणि ती मान्य झाली. भुकटी एकदा पडल्यावर मेलेल्या कोषांचा काळेपणा विषामुळे आला की रोगामुळे, हे सांगता आले नसते. म्हणून या विनंतीचे महत्त्व मोठे आहे.

तिचा पहिला प्रश्न असा होता, “सर, हा नवा परजीवी असेल का?” या लेखाचा सारा विस्तार त्या एका प्रश्नाभोवती आहे. आढळलेला जीव या परिसराला नवा असू शकतो, या मुंगीला नवा असू शकतो किंवा विज्ञानालाच नवा असू शकतो. या तिन्ही शक्यतांना लागणारा पुरावा वेगवेगळा असतो आणि तो चढत्या क्रमाने कठीण होत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली अपरिचित काही दिसले, की थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारण्याचा मोह होतो. आम्ही तो मोह बाजूला ठेवून खालून वर जायचे ठरवले आणि सर्वांत खालची पायरी परजीवीची नसून मुंगीची असते.

पोशिंद्याची ओळख

परजीवीच्या अभ्यासात पोशिंदा, म्हणजे परजीवी ज्याच्यावर जगतो तो जीव, कोण, हे निश्चित नसेल तर पुढचे सगळे मोजमाप अधांतरी राहते. बागेत “लाल मुंगी” म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, ती प्रत्यक्षात अनेक प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कोणतीही असू शकते. या नमुन्यातील कामकरी मुंग्या दोन आकारांच्या होत्या. मोठ्या मुंग्यांचे डोके शरीराच्या मानाने फारच मोठे आणि मागच्या बाजूस मधोमध खाच पडून दोन भागांत विभागलेले होते. मिशा दहा खंडांच्या होत्या आणि टोकाचे दोन खंड फुगीर होते. कमरेला दोन गाठी होत्या आणि छातीच्या मागच्या उतारावर काटे नव्हते. मिशांच्या या एका लक्षणावरून फिडोली ही मुंग्यांची प्रजाती बाद झाली, कारण तिच्या मिशा बारा खंडांच्या असतात आणि फुगीर खंड तीन असतात. कॅरेबारा ही दुसरी प्रजाती तिच्या दोन आकारांच्या कामकऱ्यांमुळे फसवू शकते, पण तिच्या मिशांच्या खंडांची संख्याही इथे जुळत नव्हती. राहिली ती सोलेनॉप्सिस जेमिनाटा, जिचे वर्णन कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1804 मध्ये केले आणि जी बिंगहॅमच्या 1903 सालच्या ब्रिटिश भारतातील मुंग्यांच्या ग्रंथातही आहे.

ही मुंगी मूळची अमेरिका खंडातील आहे, आणि या प्रकरणात ती बाब निर्णायक ठरते. तिच्या जगभरातील वसाहतींच्या जनुकीय अभ्यासातून असे दिसून आले आहे, की ती सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून स्पॅनिश जहाजांबरोबर मनिलाला पोहोचली आणि तेथून आशियात पसरली. उघडी, ऊन लागणारी, माणसाने उकरलेली जमीन तिला मानवते. भराव घालून आणि लाल माती टाकून तयार केलेल्या नवी मुंबईतील बागा नेमक्या तशाच आहेत. स्थानिक मुंगीत अनोळखी परजीवी सापडला असता, तर तो विज्ञानाला नवा असण्याची शक्यता आपण मोकळ्या मनाने धरली असती. बाहेरून आलेल्या मुंगीच्या बाबतीत मात्र आधी विचारावे लागते, की हा रोग ती आपल्याबरोबरच घेऊन आली आहे काय. नेरूळला जे प्रथम दिसले, ते मुंगीच्या मूळ प्रदेशात कित्येक दशकांपूर्वी वर्णिलेले असू शकते. माझ्या मते बाहेरून आलेल्या कीटकांवरील परजीवींच्या नोंदींत हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि चुकीची नवी नावे बहुधा इथेच जन्मतात.

नमुन्याची वाटणी

वारूळ हाती आल्यावर पहिले काम सूक्ष्मदर्शकाचे नव्हते. संशयित आणि निरोगी असे दोन्ही प्रकारचे कोष, शेवटच्या अवस्थेतील अळ्या आणि प्रौढ मुंग्या अशा सर्वांची चार भागांत वाटणी केली. एक भाग ताज्या तपासणीसाठी जिवंत ठेवला. दुसरा डीएनएसाठी 95 टक्के अल्कोहोलमध्ये गेला, तिसरा ऊतींचे पातळ छेद घेण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि चौथा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या ऊतीतून चांगला डीएनए मिळवणे अवघड असते आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ऊतीची सूक्ष्म रचना आक्रसते. म्हणून एकाच बाटलीत सगळे भरून ठेवल्यास पुढचे किमान दोन मार्ग बंद होतात. सोसायटीच्या आवारातच असलेल्या, पण काळे कोष न दिसलेल्या दुसऱ्या वारुळातील काही कोषही तुलनेसाठी घेतले होते.

काचपट्टीवर काय दिसले

काळा डाग असलेला एक कोष सलाइनच्या थेंबात ठेवून त्याचे उदर बारीक सुईने फोडले आणि वर कव्हरस्लिप टेकवली. कमी वर्धनावर सगळे दृश्य गोल चरबीच्या थेंबांनी भरलेले होते, आणि नवख्या डोळ्याला यातच परजीवीचे बीजाणू, म्हणजे रोग पसरवणाऱ्या त्याच्या जाड भिंतीच्या पेशी, “दिसू” लागतात. कोषाच्या शरीरात चरबीचा साठा मोठा असतो. शिवाय युरेट या टाकाऊ द्रव्याचे कण असतात आणि मेलेल्या ऊतीत यीस्टही वाढते. या तिघांना वेगळे काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चरबीचे थेंब लहानमोठे असतात आणि कव्हरस्लिपवर हलका दाब दिला की एकमेकांत मिसळतात. युरेटचे कण ध्रुवित प्रकाशात चमकतात. यीस्टच्या पेशींना कोंब फुटलेले दिसतात. परजीवीचे बीजाणू ओळखण्याची पहिली खूण त्यांचा विशिष्ट आकार ही नसून त्यांचा एकसारखेपणा ही असते : शेकडो कण दृष्टिक्षेत्रात असूनही ते एकाच साच्याचे असतात.

पारदर्शक पेशी ठळक दाखवणाऱ्या फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली, 400 पट वर्धनावर, असे एकसारखे कण दिसले. ते दोन्ही टोकांना निमुळते, मधे फुगीर, लिंबाच्या आकाराचे होते, आणि दोन्ही टोकांना भिंत जाड होऊन बुचासारखी झालेली होती. तेलाच्या भिंगाखाली भिंत ठळक आणि प्रकाश परतवणारी दिसली. फुटलेल्या ऊतीच्या कडेला, जिथे दाब कमी पडला होता, तिथे हे बीजाणू सुटे नव्हते. एका पातळ, पारदर्शक आवरणात ते दोन-दोन असे शेजारी होते. विद्यार्थिनीने काचपट्टी हलवत कडेकडेने पाहिले तेव्हा ही जोडी पुनःपुन्हा दिसत राहिली. मधोमध, जिथे सगळे चिरडले गेले होते, तिथे मात्र केवळ सुटे बीजाणू होते. ही जोडी दिसली नसती, तर हा जीव कोणत्या गटातला हे ठरवणे फार कठीण गेले असते.

निरोगी दिसणाऱ्या कोषांत आणि तुलनेसाठी आणलेल्या दुसऱ्या वारुळातील कोषांत असे बीजाणू आढळले नाहीत. त्याच वारुळातील शेवटच्या अवस्थेच्या काही अळ्यांचे गिम्सा रंगाने रंगवलेले नमुने पाहिले, तेव्हा त्यांत पक्के बीजाणू नव्हते. त्याऐवजी अनेक केंद्रके असलेल्या, विभागत असलेल्या पेशी होत्या. त्यांत लहान केंद्रकांच्या आणि मोठ्या केंद्रकांच्या अशा दोन प्रकारच्या पेशी ओळखता आल्या. बीजाणूची पक्की भिंत रंग आत शिरू देत नाही. म्हणून कोषांचे काही नमुने आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने हाताळून मग रंगवले. त्यानंतर चांगल्या रंगलेल्या बीजाणूंत आठ केंद्रके मोजता आली.

ज्यांच्याशी तुलना करायची ते

सोलेनॉप्सिस प्रजातीतील डसणाऱ्या मुंग्यांचे सूक्ष्म परजीवी हा विषय प्रामुख्याने अमेरिकेत वाढला, कारण तेथे दक्षिण अमेरिकेतून आलेल्या सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा या मुंगीने 1930 च्या दशकापासून शेती आणि वस्ती दोन्ही त्रस्त करून सोडल्या आणि तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्याची गरज निर्माण झाली. त्या शोधात निघालेल्या नोंदी आज आपल्याला तुलनेसाठी उपयोगी पडतात. त्यांतील प्रत्येक नाव या प्रकरणात समोर ठेवून तपासले गेले.

पहिला संशय मायक्रोस्पोरिडिया या गटावर घ्यावा लागतो, कारण मुंग्यांच्या सूक्ष्म रोगांत हा गट सर्वाधिक आढळतो. हे बुरशींचे निकटचे नातलग असून प्रत्येक बीजाणूत गुंडाळलेली एक पोकळ नळी असते; योग्य वातावरण मिळताच ती झपाट्याने बाहेर पडते आणि पोशिंद्याच्या पेशीत परजीवीचा अंश ओतते. सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टामध्ये आढळणाऱ्या नीलहाझिया सोलेनॉप्सी या जातीचे वर्णन 1977 मध्ये झाले, तेव्हा तिची प्रजाती थेलोहानिया मानली गेली होती. पुढे 2008 मध्ये तिला स्वतंत्र प्रजाती दिली गेली. तिचे काही बीजाणू आठ-आठच्या पिशव्यांत असतात, काही सुटे असतात, आणि ते आमच्या बीजाणूंहून बरेच लहान असतात. हा रोग कामकऱ्यांत आणि राणीतही आढळतो. आमच्या वारुळातील प्रौढ मुंग्यांत बीजाणू मिळाले नाहीत आणि आठांची पिशवीही कुठे दिसली नाही.

याच गटातली अधिक विचार करायला लावणारी जात ब्युरेनेला डायमॉर्फा ही आहे, कारण तिचे 1978 मधील वर्णन थेट सोलेनॉप्सिस जेमिनाटा या आपल्याच मुंगीतून झाले आहे आणि तीही कोषांवर उघड खुणा करते. तिचा प्रसार कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. तिच्या एका प्रकारच्या बीजाणूंमुळे कोषाचे आवरण आतून नष्ट होऊन फाटते. फाटलेला कोष कामकरी मुंग्या खातात. परंतु प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. तिच्या तोंडाखालच्या कप्प्यात घन कण गाळले जाऊन त्यांची गोळी बनते, आणि ती गोळी शेवटच्या अवस्थेतील अळीला भरवली जाते, कारण वारुळात घन अन्न पचवण्याचे काम तीच अळी करते. अशा रीतीने वारुळाची अन्नव्यवस्थाच रोग पुढे पोहोचवते. या जातीत लिंबासारखे, दोन बुचांचे बीजाणू नसतात आणि आवरणातील जोडीही नसते; त्यामुळे खुणा काही अंशी सारख्या असल्या तरी ती बाद होते. मिर्मिसिनोस्पोरिडियम डुरम या 1933 मध्ये वर्णिलेल्या बुरशीचाही विचार केला. परंतु तिचे तपकिरी बीजाणू इतके मोठे असतात, की ते मुंगीच्या आवरणातूनच ठिपक्यांसारखे दिसतात. इथे तसे काहीच नव्हते.

उरतो तो निओग्रेगरिन हा कीटकांतील एकपेशीय परजीवींचा गट. आवरणात दोन बीजाणू, प्रत्येकात आठ केंद्रके, दोन्ही टोकांना बूच, आणि अळीत दोन प्रकारच्या विभाजनांच्या पेशी या चार खुणा एकत्र आल्यावर मॅटेसिया ही प्रजाती निश्चित होते. मॅटेसियाच्या जवळच्या ऑफ्रिओसिस्टिस या प्रजातीत आवरणात एकच बीजाणू असतो. मॅटेसिया जेमिनाटा या जातीचे वर्णन 1979 मध्ये झाले, आणि त्यातील पोशिंदाही सोलेनॉप्सिस जेमिनाटा हाच होता. तिच्या संसर्गाने कोषांचे डोळे विकृत होतात, ते काळे पडतात आणि प्रौढ होण्यापूर्वीच मरतात. त्याशिवाय फ्लोरिडात सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टामध्ये मॅटेसियाचाच आणखी एक रोग आढळला आहे. त्यात प्रौढ मुंग्यांची डोकी पिवळसर होतात. आमच्या वारुळात पिवळ्या डोक्याची एकही प्रौढ मुंगी नव्हती आणि सर्व बीजाणू कोषांतच होते. फॉर्मॅलिनमधील कोषांचे पातळ छेद घेतल्यावर बीजाणूंची दाटी बाह्य आवरणाच्या लगेच खालच्या थरात दिसली, आणि तीही मॅटेसिया जेमिनाटाशी सुसंगतच आहे.

निर्णय आणि त्याची मर्यादा

येथे विद्यार्थिनीचे आणि माझे मत काही काळ वेगळे होते. नोंदींतील वर्णनाशी तुलना करताना तिला बीजाणूंच्या प्रमाणांत थोडा फरक जाणवत होता आणि तो नव्या जातीसाठी पुरेसा आहे, असे तिचे म्हणणे होते. मी त्याला मान्यता दिली नाही. ताज्या ओल्या काचपट्टीवर मोजलेला बीजाणू आणि रंगवून वाळवलेला बीजाणू यांच्या मापात पडणारा फरक दोन जातींमधल्या फरकाइतका असू शकतो. एकाच कोषात अपक्व व पक्व बीजाणू शेजारी असतात. मापाला किंमत यायची असेल, तर ते पक्व बीजाणूंचे, एकाच पद्धतीने तयार केलेल्या काचपट्ट्यांवरचे आणि एकाहून अधिक वारुळांतले असावे लागते. एका वारुळातील मापावर नवी जात उभी करणे मला मान्य नाही, आणि हे मत मी आजही ठामपणे मांडतो.

डीएनएचा मार्ग खुला आहे. परंतु तोही वाटतो तितका सरळ नाही. बीजाणूची भिंत इतकी चिवट असते, की नेहमीच्या रसायनांनी ती फुटत नाही आणि काचेच्या बारीक मण्यांबरोबर नमुना जोराने हलवावा लागतो. शिवाय सर्व केंद्रकयुक्त जीवांत असलेल्या रायबोसोमल जनुकासाठी सर्वसाधारण प्रायमर (हवा तो भाग हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले, तर पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, मुंगीचाच डीएनए भरपूर वाढतो आणि परजीवीचा संकेत त्याखाली दडपला जातो. अशा अहवालात स्वच्छ, सुंदर डीएनए-क्रम मिळतो, पण तो मुंगीचा असतो. म्हणून बीजाणू आधी घनतेनुसार वेगळे करून धुऊन घ्यायचे आणि निओग्रेगरिनसाठीच बेतलेले प्रायमर वापरायचे, असे ठरवले आहे. मिळालेल्या क्रमाची तुलना सार्वजनिक संग्रहातील मॅटेसियाच्या क्रमांशी करता येईल. तो क्रम मॅटेसिया जेमिनाटाशी जुळला, तर आपल्या हातात एका जुन्या जातीची नव्या ठिकाणची नोंद असेल, आणि मुंगीच्या प्रवासाच्या इतिहासाला तिच्या रोगाचा पुरावा जोडला जाईल. माझ्या दृष्टीने हा निकाल नव्या नावापेक्षा कमी मोलाचा नाही.

तो स्पष्टपणे वेगळा निघाला, तरच नव्या जातीचा विचार सुरू होईल. त्यासाठी लागणारे प्रारूप नमुने, म्हणजे नव्या नावाचा आधार म्हणून जपून ठेवायचे नमुने, तयार आहेत. मोठ्या प्राण्याच्या बाबतीत एक नमुना प्रारूप म्हणून पुरतो. एकपेशीय परजीवीच्या बाबतीत एका पेशीत सगळ्या अवस्था दिसत नाहीत, म्हणून प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत एकमेकांशी थेट संबंधित अवस्थांच्या काचपट्ट्यांचा संच मिळून एक प्रारूप मानण्याची तरतूद आहे. अळीतील विभाजनाच्या पेशी, जोडीतील बीजाणू आणि सुटे पक्व बीजाणू यांच्या काचपट्ट्या एकाच वारुळाच्या क्रमांकाखाली जपून ठेवल्या आहेत. जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 39 नुसार भारतात नवी जात सापडल्यास तिचे नमुने नियुक्त भांडारात जमा करून तशी माहिती द्यावी लागते. प्राण्यांसाठी हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था करते. हे कागदकाम नाव ठरल्यानंतर सुरू करण्याचे नाही, कारण त्यासाठी लागणारी जागा, तारीख, मातीचा प्रकार आणि पोशिंद्याची ओळख या नोंदी नमुना उचलतानाच केलेल्या असाव्या लागतात.

सोसायटीच्या समितीचा प्रश्न वेगळा आणि तितकाच योग्य होता : हा रोग असेल, तर मुंग्या आपोआप संपतील का? त्यांना आम्ही असे सांगितले, की निओग्रेगरिन हे कीटकांचे परजीवी असून माणसांना त्यांच्यापासून धोका नाही. परंतु काही कोष मेल्याने राणीचे अंडी घालणे थांबत नाही आणि वारूळ टिकून राहते. नीलहाझियासारख्या रोगाचा प्रसार अमेरिकेत संशोधकांनी मुद्दाम केला, तेव्हाही केवळ बीजाणू खाऊ घालून तो होत नव्हता. रोगट अळ्या व कोष दुसऱ्या वारुळात ठेवावे लागले, आणि वारूळ क्षीण होण्यास कित्येक महिने लागले. हिरवळीवर खेळणाऱ्या मुलांसाठी समितीने तोवर वाट पाहावी, असे आम्ही म्हटले नाही. केवळ तलावाकडच्या बाजूची दोन वारुळे, जिथे कोणी बसत नाही, तेवढी भुकटीविना राखावीत, अशी विनंती केली आणि माळीकाकांनी त्यांच्याभोवती विटांची कड लावून ती राखली आहेत.

सध्या नमुन्याच्या पेटीवर “मॅटेसिया, जाती अनिश्चित; पोशिंदा सोलेनॉप्सिस जेमिनाटा; नेरूळ, नवी मुंबई” अशी नोंद आहे. राखलेल्या दोन वारुळांतून आणि बेलापूर व खारघरमधील बागांतून, जागेच्या मालकांची परवानगी घेऊन, पावसाची उघडीप मिळताच कोषांचे नमुने घेतले जातील. त्या वेळी मातीच्या वरच्या थरात आणलेले कोष सहज हाती लागतात. प्रत्येक वारुळातून काळे कोष नसले तरीही नमुना घ्यायचा आहे, कारण रोग कुठे नाही याचीही नोंद या कामात लागते.